‘माझी नोंद’च्या पानांची पाठ्यपुस्तके : दोन वर्षे वर्गात वापरल्यानंतर केलेले परीक्षण

महाराष्ट्रातील दुसरी ते आठवीच्या मुलांच्या हातात २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन शैक्षणिक वर्षांत बालभारतीचे एका वेगळ्याच रचनेचे पाठ्यपुस्तक होते. निरनिराळ्या विषयांचे पाठ एकाच पुस्तकात एकत्र केलेले होते, वर्षभराचा अभ्यासक्रम चार भागांत विभागलेला होता आणि पाठांच्या शेवटी ‘माझी नोंद’ या शीर्षकाखाली मुलांना लिहिण्यासाठी पाने जोडलेली होती. ८ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ही रचना आली, तेव्हा दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री होते. दादा भुसे मंत्री झाल्यानंतर २८ जानेवारी २०२५ रोजी तो निर्णय रद्द झाला आणि २०२५-२६ पासून पूर्वीप्रमाणे वह्यांच्या पानांविना पुस्तके द्यायचे ठरले. मुले पुस्तकासोबत वह्याही आणतच आहेत आणि दप्तराचे ओझे अपेक्षेप्रमाणे कमी झालेले नाही, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले.

निर्णय आला तेव्हा त्याची बातमी झाली आणि गेला तेव्हाही झाली. पण रोज उघडले जाणारे, मुलांनी हाताळलेले एक साधन म्हणून या पुस्तकाचे मूल्यमापन मात्र फारसे वाचायला मिळाले नाही. ते आता करण्याचे कारण म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने तयार होत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात पहिलीचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून, दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीचा २०२६-२७ पासून आणि उरलेल्या इयत्तांचा त्यापुढच्या दोन वर्षांत असा क्रम ठरवलेला आहे. जुन्या प्रयोगातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्याची हीच वेळ आहे. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते आणि पुढचे सगळे लिखाण त्या वर्गात बसून केलेले आहे. आठवीच्या पुस्तकाविषयी जे लिहिले आहे, ते माध्यमिक शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलून आणि ती पुस्तके स्वतः चाळून लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगते. पुस्तकाची चार भागांतली विभागणी चांगली होती आणि ती टिकायला हवी. विषयांचे एकत्रीकरण खालच्या वर्गांना उपयोगी आणि वरच्या वर्गांना अडचणीचे होते. ‘माझी नोंद’चे पान ही मूळ कल्पना फार मोलाची होती, पण तिला वहीचा पर्याय म्हणून उभे केल्यामुळे तिच्यावर अन्याय झाला. आणि या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच दोष आहे, तो म्हणजे मुलांनी वर्गात काय लिहायचे, ते कोणी तपासायचे आणि तपासणाऱ्याने त्यात काय शोधायचे, याला हात न लावता केवळ पुस्तक बदलण्यात आले.

दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न जुना आहे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली आपल्या अहवालात स्पष्ट सांगितले होते की, पाठीवरच्या वजनापेक्षाही न समजणाऱ्या मजकुराचे ओझे अधिक घातक असते. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धती बदलून दप्तर आणि पुस्तके यांचे वजन लक्षणीय कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. ‘अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धती बदलून’ हे त्यातले शब्द मला महत्त्वाचे वाटतात. त्याच वर्षीच्या केंद्राच्या दप्तरविषयक धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे सांगून इयत्तावार मर्यादाही दिलेल्या आहेत. पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो आणि आठवीसाठी २.५ ते ४ किलो.

या आकड्यांपुढे पुस्तकाचा कागद ठेवून पाहिला, तर चित्र बरेच स्पष्ट होते. बालभारतीच्या पुस्तकात मुखपृष्ठाच्या आत, प्रकाशनाचा तपशील असतो त्या ठिकाणी, कागदाची नोंद असते आणि ती बहुधा ७० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) क्रीमवोव्ह अशी असते. या जाडीच्या कागदाचे ए-४ आकाराचे एक पान, म्हणजे दोन पृष्ठे, साधारण ४.४ ग्रॅम भरते. समजा, तिसरीच्या मुलाला चार विषयांची प्रत्येकी शंभर पृष्ठांची पुस्तके आहेत. मग आकार ए-४ च्या जवळपासचा धरल्यास कागदाचेच वजन पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास जाते आणि मुखपृष्ठांचे वजन वेगळे. त्याच मजकुराचे चार भाग करून एका वेळी एकच भाग शाळेत आणायचा ठरवला, तर हे वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या जवळ येते. नोंदीच्या पानांमुळे त्यात भर पडते, तरीही पाचशे ग्रॅमहून अधिक बचत शिल्लक राहते. अठरा-वीस किलो वजनाच्या मुलासाठी एकूण मर्यादाच दोन किलोच्या आतबाहेर असताना अर्धा किलो ही मोठी गोष्ट आहे.

याचा अर्थ असा की वजन कमी करण्याचे खरे काम विभागणीने केले होते. नोंदीच्या पानांनी पुस्तकाचे वजन थोडे वाढवले होते आणि वह्या घरी राहिल्या असत्या, तरच ती वाढ भरून निघणार होती. वह्या घरी राहिल्या नाहीत. तेव्हा ‘ओझे कमी झाले नाही’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या गेल्या, एक जी उपयोगी पडली आणि दुसरी जी अपेक्षेप्रमाणे चालली नाही. निर्णय रद्द करण्यापूर्वी त्या वेगळ्या करून पाहायला हव्या होत्या. शिवाय दप्तरात केवळ पुस्तके आणि वह्या नसतात. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली एक किलोची असते. शाळेत पिण्याच्या पाण्याची खात्रीची सोय नसेल, तर पहिलीतल्या मुलाच्या वाट्याची अर्धी मर्यादा पाण्यातच संपते आणि त्यावर कोणत्याही पाठ्यपुस्तक मंडळाकडे उपाय नाही.

विभागणीचा मला आणखी एक फायदा झाला, जो शासन निर्णय वाचताना लक्षात आला नव्हता. जोडवर्गात दोन इयत्ता आणि सगळे विषय एकाच शिक्षकाकडे असतात. मासिक नियोजन कागदावर कितीही नीट केले, तरी प्रत्यक्षात एखादा विषय पुढे पळतो आणि एखादा मागे रेंगाळतो. आमच्याकडे बहुतेक परिसर अभ्यास मागे राहतो, कारण भाषा आणि गणित यांची चाचणी डोक्यावर असते. पहिल्या भागात सगळ्या विषयांचे मोजके पाठ एकत्र बांधलेले असल्यामुळे कोणता विषय मागे पडला हे पुस्तक हातात घेताच दिसायचे. तिसऱ्या भागाला सुरुवात करायची वेळ आली आणि दुसऱ्यातले परिसर अभ्यासाचे पाठ कोरेच आहेत, हे पालकांनाही कळत होते आणि मुलांनाही. एका मुलीने मला सरळ विचारले होते, “बाई, हे पाठ आपण सोडले का?” चार वेगवेगळी पुस्तके असताना हा प्रश्न तिला पडला नसता.

एकत्रित पुस्तकाने पाठांमधले नातेही समोर आणले. पाण्याविषयीचा परिसर अभ्यासाचा पाठ आणि मापनाचा गणितातला घटक एकाच पुस्तकात असल्यामुळे लिटर-मिलिलिटर शिकवताना पाने उलटून त्या पाठाकडे जाता येत होते. चांगल्या शिक्षकाला हे सुटी पुस्तके असतानाही जमते हे खरे, पण साधनाने वाट दाखवली तर नवख्या शिक्षकालाही जमते. मात्र या बाबतीत पुस्तकाने अर्धेच काम केले होते. विषयांचे जुने पाठ उचलून एका बांधणीत एकापुढे एक ठेवले होते. ते एकमेकांशी बोलतील अशी नव्याने मांडणी केलेली नव्हती. भाषेचा विभाग संपला की गणिताचा सुरू होतो, इतकेच. खऱ्या अर्थाने एकात्मिक पुस्तक तयार करायचे, तर लेखकांनी एकत्र बसून घटक ठरवावे लागतात. नवी मालिका तयार करणाऱ्यांकडून माझी पहिली अपेक्षा हीच आहे, निदान तिसरीपर्यंत तरी.

वरच्या वर्गांत हेच एकत्रीकरण अंगावर आले. सातवी-आठवीला विषयशिक्षक वेगवेगळे असतात. गणिताच्या तासाला मराठी, इतिहास आणि विज्ञानही बाकावर उघडे असण्याची काही गरज नसते. पुस्तक हरवले, भिजले किंवा घरी राहिले, तर एका विषयाचे नव्हे, सगळ्याच विषयांचे नुकसान होते. परीक्षेच्या वेळी मागचे भाग पुन्हा लागतात आणि ते वर्षभर जपून ठेवण्यासाठी घरात जागा लागते. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तिथे जूनमध्ये वापरलेला भाग मार्चमध्ये जसाच्या तसा सापडेल हे गृहीत धरता येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना तर सगळे भाग एकाच वेळी लागत. म्हणून सहावीपासून पुढे विषयवार पुस्तक आणि त्याचे सत्रानुसार दोन भाग ही रचना मला अधिक व्यवहार्य वाटते.

आता ‘माझी नोंद’. या पानांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पाठ शिकत असताना नवे शब्द, सूत्रे, महत्त्वाचे मुद्दे, मनात आलेल्या शंका मुलाने तिथल्या तिथे टिपाव्यात, असे अपेक्षित होते. शेतमजुरांच्या आणि हातावर पोट असलेल्या घरांतल्या मुलांना वह्या विकत घेणे परवडत नाही, हेही कारण तेव्हा सांगितले गेले होते आणि ते शंभर टक्के खरे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबातले मूल ऑक्टोबरनंतर शाळेत टिकले, तरी त्याची वही संपली की दुसरी येईपर्यंत आठवडे जातात. त्या मुलाच्या पुस्तकातच लिहायला पान असणे, ही मदत नगण्य नव्हती.

या पानावर प्रत्यक्षात काय घडले, ते तिसरीतल्या एका पुस्तकाच्या आधारे सांगते. शेतीविषयीचा पाठ संपल्यानंतर एका मुलाने नोंदीच्या पानावर त्याच्या घरामागच्या शेताचा नकाशा काढला होता. विहीर, तिथून निघालेली पाइपलाइन, कांद्याचे वाफे आणि कोपऱ्यात गोठा. खाली चार शब्द होते, ‘दारं’, ‘सारा’, ‘बांध’ आणि ‘मोट’. मोटेपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढले होते, कारण हा शब्द आजोबांकडून ऐकलेला असला तरी त्याने मोट पाहिलेली नव्हती. पुढच्या दिवशीचा माझा अर्धा तास त्या प्रश्नचिन्हावर गेला आणि तो वर्षातल्या चांगल्या तासांपैकी एक होता. पाठ्यपुस्तकातला मजकूर मुलाच्या घरामागच्या शेताला कुठे जोडला जातो, हे मला त्या पानाने दाखवले. वहीत हे आले नसते, कारण वहीत फळ्यावरचे लिहायचे असते हे मुलांना पहिलीपासून पक्के ठाऊक असते.

त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीचे पान याच्या अगदी उलट होते. तिने स्वाध्यायाची सगळी प्रश्नोत्तरे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात त्या एका पानात कोंबली होती. ओळी संपल्यावर ती समासात आडवी लिहीत गेली होती, आणि समास भरल्यावर शीर्षकाच्या वरच्या मोकळ्या पट्टीतही दोन उत्तरे होती. तिच्या मोठ्या भावाने तिला सांगितले होते की पुस्तकात पाने दिलेली आहेत तर वही मिळणार नाही, जे काही लिहायचे ते इथेच लिही. तिला नोंद करायला जागा मिळालीच नाही. तिला वही नाकारण्याचे एक कारण तेवढे घरात तयार झाले.

या दोन पानांमध्ये या पुस्तकाचे सगळे यशापयश आहे. ज्या ठिकाणी नोंदीचे पान वहीच्या जोडीला आले, तिथे ते फुलले. ज्या ठिकाणी वहीच्या जागी आले, तिथे गुदमरले. गणिताकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. भागाकाराचा एक घटक पक्का व्हायला मुलाला कितीतरी उदाहरणे सोडवावी लागतात आणि हातच्याचे आकडे एकाखाली एक नीट यावेत म्हणून चौकटींची वही लागते. इंग्रजी लिपीचे वळण बसायला चार रेघांची वही लागते. शुद्धलेखनाला रोज अर्धे-पाऊण पान जाते. ही गरज पाठाशेवटच्या पानाने भागणे शक्य नव्हते आणि कोणत्याही प्राथमिक शिक्षकाने हे पहिल्या बैठकीत सांगितले असते.

दुसरा अडथळा तपासणीचा होता, आणि त्यात आम्ही शिक्षकही आलो. शाळेला भेट द्यायला अधिकारी येतात, तेव्हा मुलांच्या वह्या पाहतात. प्रत्येक पाठाची प्रश्नोत्तरे पूर्ण आहेत का, खाली शिक्षकांची सही आणि तारीख आहे का, चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत का, हे पाहिले जाते. खासगी शाळांत पालकही हेच पाहतात. जोपर्यंत वही भरलेली असणे हाच शिकवल्याचा पुरावा मानला जातो, तोपर्यंत कोणताही शिक्षक वही बंद करण्याचे धाडस करणार नाही. नोंदीच्या पानावर मुलाने स्वतःच्या शब्दांत, चुका करत, चित्रे काढत लिहावे असे म्हणायचे आणि त्याच पानावर शेरा काय द्यायचा याविषयी काहीच ठरवायचे नाही, यामुळे पुष्कळ ठिकाणी ती पाने एकतर कोरी राहिली किंवा फळ्यावरच्या मजकुराने भरली. याच काळात, म्हणजे २०२३-२४ पासून, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा ही पद्धतही राज्यात सुरू झाली. एका हाताने मुलाला मोकळे लिहायला पान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने परीक्षेची भीती वाढवायची, तर पालक वह्या भरून घेण्याचाच आग्रह धरणार. त्यात त्यांची चूक नाही.

तिसरी गोष्ट पुनर्वापराची. बऱ्याच शाळांत वर्षअखेरीस चांगल्या स्थितीतली पुस्तके परत घेऊन पुढच्या वर्षी पटावर उशिरा आलेल्या मुलांना देण्याची पद्धत आहे. समग्र शिक्षा योजनेतून मोफत पुस्तके मिळतात, पण वर्षाच्या मध्यावर स्थलांतरित होऊन आलेल्या मुलाला त्या क्षणी हाताशी असलेली प्रतच उपयोगी पडते. पानावर लिहिलेले पुस्तक दुसऱ्याला देणे अवघड होते, कारण आधीच्या मुलाची उत्तरे त्यात असतात. कागदाचा आणि छपाईचा खर्च मोजताना हेही मोजायला हवे होते.

छपाई आणि बांधणीविषयी थोडक्यात सांगायचे, तर चित्रे रंगीत आणि स्पष्ट होती, अक्षरांचा आकार खालच्या वर्गांसाठी योग्य होता, आणि पुस्तक तीन महिनेच वापरायचे असल्यामुळे कोपरे दुमडून पाने सुटण्याचे प्रमाण माझ्या वर्गात पूर्वीपेक्षा कमी दिसले. नोंदीच्या पानावर पेन्सिलने लिहिलेले खोडल्यावर कागद फाटत नव्हता, ही लहान मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे.

एकूण विचार करता, दुसरी ते चौथीसाठी मी या पुस्तकाची रचना, वहीची सोय कायम ठेवण्याच्या अटीवर, आजही स्वीकारेन. पाचवीच्या बाबतीत मी साशंक आहे आणि सहावी ते आठवीसाठी ती नको म्हणेन. नव्या मालिकेत तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. प्राथमिक वर्गांत भागांची विभागणी राहावी. नोंदीची पाने प्रत्येक पाठाला न देता भागाच्या शेवटी मोजकी द्यावीत, त्यांवर शिक्षकाने चुका काढू नयेत आणि तपासणीला येणाऱ्यांनी ती पूर्ण आहेत का हे विचारू नये, अशी लेखी सूचना शिक्षकांइतकीच अधिकाऱ्यांनाही द्यावी. आणि दप्तरविषयक धोरणात सुचवल्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर त्याचे वजन छापावे. हे शेवटचे काम अगदी बिनखर्चाचे आहे. मुखपृष्ठावर ग्रॅममध्ये आकडा आला, की पालकांना आणि शाळेला वेळापत्रकानुसार दप्तर भरण्याचा हिशेब स्वतःच करता येईल.

वजनाचा हा हिशेब अभ्यासक्रमाच्या मोठ्या निर्णयांतही यायला हवा. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली, त्यावर राज्यभर तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि २९ जून २०२५ रोजी तो निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. त्या वादात मातृभाषेचा आणि मुलाच्या आकलनाचा मुद्दा पुढे होता, आणि तो योग्यच होता. पण सहा वर्षांच्या मुलासाठी आणखी एक विषय म्हणजे आणखी एक पुस्तक, आणखी एक वही आणि जोडवर्गातल्या शिक्षकासाठी आणखी एक तास, हेही तितकेच खरे आहे. यशपाल समितीने सांगितलेले दोन्ही प्रकारचे ओझे तिथे एकाच वेळी वाढले असते.

सध्या सर्वांत निकडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पुस्तकातली पाने काढली, पण ज्या मुलांना वही परवडत नाही म्हणून ती दिली होती, त्या मुलांची परिस्थिती जानेवारी २०२५ मध्ये बदललेली नाही. मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतल्या मुलांना वह्यांसह २७ शालोपयोगी वस्तू देते. आमच्यासारख्या ग्रामीण शाळांत वह्या येतात त्या एखाद्या मंडळाकडून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा शिक्षकांच्या खिशातून, आणि त्या कधी येतील याचा भरवसा नसतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालचा आहे, आणि त्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके आणि गणवेशाबरोबर लेखनसाहित्यही मोफत मिळण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. पुस्तके येतात आणि गणवेशाची योजना आहे, पण लेखनसाहित्याचे नाव निघत नाही. दोन वर्षे नोंदीच्या पानांवर खर्च झालेला कागद राज्याला परवडला होता. तोच कागद आता चौकटींच्या, चार रेघांच्या आणि एकेरी वह्यांच्या रूपाने शाळा सुरू होण्याच्या दिवशी पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर केंद्रशाळेत उतरवावा आणि त्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र नावाने करावी, अशी माझी शालेय शिक्षण विभागाकडे मागणी आहे.